बोटीवरचा दीड दिवसाचा गणपती

हमरापूरची चंद्रावती शहाण्णव सालापर्यंत दोनदा मोठ्या बोटीतून जग फिरून आली होती. मुलगा हरेश त्या बोटीवर कुक होता. आता शेजारची दर्शना निघाली, म्हणून सल्ला विचारायला आली.

"खोली मधोमध घे, तिथं बोट कमी हलते. आलं चघळत ऱ्हा," चंद्रावती म्हणाली आणि तिचा पारा चढला. "पन गणपतीत जाऊ नको गो! बाप्पा मी घरनं रंगवून नेला. म्हटलं, विसर्जनाला दर्या हायच. तर कप्तान म्हणतो, समुद्रात कचरा टाकायचा नाय! देव काय कचरा हाय? दीड दिवसाचा बाप्पा महिनाभर खोलीत डांबला, परत येताना विमानात मांडीवर घेतला, तेव्हा आपल्या खाडीत सोडला. चहूकडं पाणी, वर गच्चीवर मानसांना डुंबायला तलाव, आन् माझ्या देवाला वंजळभर जागा नाय!"