बहर

डॉ. विमल काळमेघ गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. आता त्या अकोटला असतात. अमरावतीत एका विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या, तिथे तलाव आणि धरणांत माजणाऱ्या घातक शेवाळाचा अभ्यास चालतो. अकोल्यातील माझ्या वर्तमानपत्राची आवृत्ती बंद झाली, त्यानंतर मी तिथे रुजू झालो. प्रयोगशाळेला जे कळते ते लोकांना समजेल अशा मराठीत लिहिणे, एवढेच माझे काम होते.

मुलाखतीत मॅडमनी माझी कागदपत्रे पाहिली नाहीत. हिरव्या पाण्याची एक बाटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "वास घ्या."

मी घेतला. ओल्या मातीसारखा वाटतो, असे सांगितले.

"वाटते? पेपरात असं लिवत होते का तुमी, आग लागली असं वाटते?"

"नाही."

"मंग इथंही चालत नाही. सोमवारपासून या."

'वाटते' या शब्दाला प्रयोगशाळेत बंदी होती. कोणी तो उच्चारला की मॅडम चष्मा कपाळावर चढवून विचारत, "वाटून राहिलं, का दिसून राहिलं?" अश्विनी ही पुण्याहून आलेली संशोधक विद्यार्थिनी. पहिल्या आठवड्यात तिला हा प्रश्न ऐकावा लागला, तेव्हा ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. महिनाभराने कँटीनमध्ये चहा गोड वाटतो असे मी म्हणालो, तर तोच प्रश्न तिने मला विचारला, वऱ्हाडी हेलासकट. मॅडम त्या दिवशी खूश होत्या.

नियम सर्वांना सारखे, असे त्या सांगत. प्रयोगशाळेच्या फ्रीजवर त्यांच्याच अक्षरात सूचना चिकटवली होती, की आत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. आत नमुन्यांच्या बाटल्या रांगेने उभ्या असत. खालच्या कप्प्यात, बाकीच्या बाटल्यांइतकीच हिरवीगार, मॅडमची हिरव्या मिरचीच्या ठेच्याची एक बरणी असे. तिच्यावर चिठ्ठी होती: 'खाद्य. तपासलेले.' हे नियमात बसते का, असे अश्विनीने विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "लेबल हाय ना बापा. लेबल नसतं तर गोष्ट वेगळी."

मॅडमचे बोलणे वऱ्हाडी होते. कुलगुरूंशीही त्या तसेच बोलत. हातात पेन आले की मात्र त्यांच्यात फरक पडे. त्यांच्या टेबलावर पाठपुठ्ठा निखळलेला एक परिभाषा कोश होता आणि त्याबाहेरचा शब्द कागदावर आलेला त्यांना खपत नसे. 'शेवाळ' असे मी लिहिले की त्या 'शैवाल' करत. 'पाणी हिरवे झाले' हे वाक्य खोडून त्या 'जलाशयात शैवालाचा बहर आढळून आला आहे' असे लिहीत.

"बहर कोण म्हणतं, मॅडम?"

"कोश म्हणते."

पोळा जवळ आला असताना नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एका गावाचा तलाव हिरवा झाला. पावसाने ओढ दिली होती आणि ऊन कडक होते. आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याने सगळे शेवाळ घाटाकडे लोटले होते आणि पायऱ्यांशी हिरव्या रंगाची दाट साय धरली होती. मॅडमनी नमुने घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखता आली. ही जात कधी विष तयार करते, कधी करत नाही. ते मोजण्याची सोय आमच्याकडे नव्हती. नमुने बाहेर पाठवावे लागले आणि अहवाल पोळ्यानंतर येणार होता.

त्या गावात पोळ्याच्या दिवशी सकाळी सगळे बैल याच घाटावर धुतात. बैल पाण्यात उतरले की पाणी पितातच. विष असेल तर बैल दगावू शकत होते. विष नसताना बैल अडवले, तर त्या गावाने पुन्हा प्रयोगशाळेचे ऐकले नसते.

तलावावर लावायच्या फलकाचा मजकूर मी तयार केला: 'या तलावात विषारी शेवाळ आहे. जनावरे नेऊ नका.' मॅडमनी 'विषारी' खोडले, कारण अहवाल आला नव्हता. 'शेवाळ'च्या जागी 'शैवाल' आले. मग त्यांनी 'हानिकारक' लिहिले आणि तेही खोडले, कारण हानी झाल्याची नोंद नव्हती. जनावरे नेऊ नका, असे सांगायला मग आधार उरला नाही. शेवटी फलक असा लागला: 'या जलाशयात शैवालाचा बहर आला आहे. कृपया नोंद घ्यावी.'

त्या गावात संत्र्याच्या बागा आहेत. तिथे बहर म्हणजे संत्र्याच्या झाडांना येणारी फुले, हिवाळ्याअखेरचा आंबिया किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग. तो येतो म्हणून लोक वर्षभर वाट पाहतात आणि आला की एकमेकांना सांगतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. फलकापाशी पाच-सहा लोक उभे होते. फुलांचे वाफे असलेल्या आणि अमरावतीच्या बाजारात फुले विकणाऱ्या सुमनबाई त्यांत होत्या. त्यांनी मॅडमला विचारले, "बाई, हा तलावातला बहर तोडाले कवा येते?"

"तोडाचा नसते तो."

"मंग लावला कावून?"

"आमी नाही लावला. आपोआप आला."

"आपोआप आलेला बहर, अन त्याले बोर्ड?" गुलाबराव म्हणाले. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि पोळ्यात तोरणाखाली पहिली जोडी त्यांची असते. "आमच्या बागेत आला तवा कोणी बोर्ड नाही लावला, मॅडम. आमी समजलो सरकारनं तलावात काही चांगलं सोडलं. मी तर उद्या बैल जास्त वेळ डुंबवणार होतो."

 मॅडम फलकाजवळ गेल्या, सगळा मजकूर एकदा वाचला. मग मला म्हणाल्या, "पत्रकार, हे कोणी लिवलं?"

"तुम्ही."

"मालूम हाय मले. फलक काढा."

ग्रामपंचायतीत भोंगा होता. सरपंचांनी तो सुरू करून दिला. मॅडमनी मला मजकूर मागितला नाही आणि कोशही पिशवीतून काढला नाही. गावभर त्यांचा आवाज गेला:

"मी अमरावतीची काळमेघ बोलून राहिली. तलावाले शेवाळ आलं. त्यात जहर असू शकते. हायच असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. रिपोर्ट पोळ्यानंतर येईन. तवरोक बैल तलावावर नेऊ नका. बोर्डावर जे लिवलं होतं ते इसरून जा."

त्या बाहेर आल्या तेव्हा गुलाबराव पायरीवर उभे होते.

"म्हंजे तुमाले मालूम नाही."

"नाही."

"मंग सांगून कावून राहिल्या?"

"मले मालूम होईन तवा तुमचे बैल पाणी पिऊन मोकळे झाले असतीन. तवा सांगून काय करू?"

"अन काही नाही निघालं तर?"

"तर मी इथं येईन अन तुमी मले शिव्या द्या. माईक सुरूच ठेवा पायजे तर."

गुलाबरावांनी सुमनबाईंकडे पाहिले. "अन बैल कुठं धुवू? बाथरूममंदी?"

"तुमच्या बागेत बोअर हाय ना?" सुमनबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाले मालूम हाय त्याले किती पाणी हाय. तुमीच सांगत फिरता."

लोक हसले. गुलाबरावांना नाही म्हणता आले नाही.

पोळ्याच्या दिवशी सकाळी गावातील बैल गुलाबरावांच्या बोअरवर धुतले गेले. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रांग लागली होती. अश्विनीला आणि मला सोबत घेऊन मॅडम अमरावतीहून पहिल्या एसटीने आल्या आणि येताना प्रयोगशाळेची पिवळी बादली घेऊन आल्या. एक बैल पाइपाच्या धारेला बुजला आणि त्याने शेपटीने मॅडमची साडी चिखलाने रंगवली. "याले तलावच पायजे होता," बैलाचा मालक म्हणाला. "याले वाटून राहिलं," मॅडम म्हणाल्या. त्या वाक्याचा अर्थ तिथे फक्त मला आणि अश्विनीला कळला. गुलाबरावांनी बोअरचे कौतुक प्रत्येक जोडीमागे नव्याने ऐकवले. सायंकाळी पोळा ठरल्या वेळी भरला. पहिली जोडी त्यांचीच होती.

अहवाल त्यानंतर आला. मॅडमनी तो फोनवर कळवला नाही. त्या गावात गेल्या आणि भोंग्यावरून सांगितला. घाटाजवळच्या नमुन्यात विष होते, जनावरांना बाधेल इतके. तलावाच्या मधल्या नमुन्यात ते बाधेल इतके नव्हते.

"म्हंजे खरं निघालं तुमचं," गुलाबराव म्हणाले.

"काठाचं निघालं. मधातलं नाही निघालं."

"बैल मधात कुठं जाते, मॅडम?"

"ते तुमी पाहा. मी जे आलं ते सांगितलं."

सुमनबाईंनी त्यांना शेवंतीची फुले दिली. मॅडमनी ती पिवळ्या बादलीत ठेवली आणि बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसल्या. वाटेत त्यांनी मला सांगितले की यापुढे गावात लागणारा फलक मीच लिहायचा. मात्र लावण्याआधी तो गावातल्या माणसाला वाचून दाखवायचा आणि त्याला काय समजले ते विचारायचे. समजले का, एवढेच विचारायचे नाही. "हो म्हणतेत लोक. आपलं मन राखाले."

पुढच्या पंधरवड्यात पाऊस झाला. तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला आणि हिरवा थर निघून गेला. गावातील जनावरे मात्र अजून बोअरच्याच पाण्यावर होती. मॅडमनी या वेळी फक्त घाटाजवळचे नमुने घेतले आणि अहवाल येईपर्यंत गावाला काही सांगितले नाही. गुलाबरावांचे फोन रोज येत. "आलं नाही अजून," एवढेच उत्तर त्यांना मिळे.

अहवालात विष आढळले नाही. मॅडम त्याच दिवशी दुपारी गावात पोचल्या. गुलाबरावांनी जोडी घाटावर आणली होती. मॅडमनी होकारार्थी मान हलवली. गुलाबरावांनी कासरा सैल सोडला. बैल पायऱ्या उतरले आणि पाणी प्यायले.