पाठ टेकायची सायकल

म्हशीचं दूध स्वतःच्या डोळ्यांसमोर काढल्याशिवाय गणपतराव उलपे तोंडाला लावत नाहीत. घरच्या सुनेनं पेला आणून दिला तरी आधी वास घेणार, मग उजेडात धरणार, आणि मग एकदाचे पिणार. कसबा बावड्यात त्यांच्या या स्वभावाची चेष्टा होते, पण त्यात सगळी चूक त्यांचीच आहे असं नाही. तरुणपणी कुस्तीत नाव काढलं, त्या जोरावर एका साखर कारखान्यात लागले, आणि एकतीस वर्षं वजनकाट्यावर उभे राहिले. ऊस घेऊन आलेला गाडीवान खाली उतरलाय की काट्याच्या फळीवरच उभा आहे, मागचं चाक नीट आत आलंय की नाही, हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर रिटायर होत नाही. पगार तेवढा थांबतो.

वय सदुसष्ट. तरी रोज पहाटे बावीस इंची काळी सायकल काढून ते शहरातल्या तालमीत जात. आता लढायला नाही. आखाड्यातली माती खालीवर करायची, पोरांचे डाव बघायचे, चुकलं की खच्चून ओरडायचं. येताना चढावर पायडलवर उभं राहून सायकल रेटायची, आणि घामानं बनियन भिजलं की दिवस कारणी लागला. ज्या दिवशी सायकल सुटेल त्या दिवशी आपण घरातलं एक गाठोडं होऊन बसणार, ही त्यांच्या मनातली खरी भीती होती.

आणि सायकल सुटायची वेळ आली होती. श्रावणापासून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं आणि निम्मा तळवा बधिर झाला होता. ब्रेक दाबलाय की नुसता धरलाय हे कळायचं नाही. एकदा वळणावर ते पडलेसुद्धा. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्या रस्त्याला त्या दिवशी कुत्रं काय, मांजरही नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी दारात टेम्पो थांबला. त्यातून जे उतरलं ते बघून शंकेची पाल चुकचुकली नाही, तर चांगली ओरडलीच. पुढं दोन चाकं, मागं एक. मध्ये आरामखुर्चीसारखी तिरकी सीट, जमिनीपासून जेमतेम वीतभर. आणि पायडल खाली नाहीत, तर पार समोर, नांगराच्या इसाडासारख्या पुढं आलेल्या दांडीवर.

"काय हाय हे?"

"सायकलच हाय, मामा," सून वर्षाराणी म्हणाली. ती हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवायची. "आमच्या एका पेशंटची हाय. ते पुण्याला ऱ्हायला निघाले, म्हणाले घेऊन जावा."

"फुकट?"

"व्हय की."

फुकट म्हटल्यावर गणपतरावांचा संशय पक्का झाला. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, टायर दाबला, सीट हलवून बघितली. "ह्यात माणूस बसतो की निजतो?"

"पाठ टेकून बसायचं, पाय म्होरं लांब करायचं आन् मारायचं पायडल. आपल्या सायकलीवर वाकून बसलं की सगळा भार हातावर, मानंवर येतोय. हिच्यात तो पाठीवर जातोय. गुडघ्यालाबी बरं. तोल जायची भीती न्हाय."

हातावर? मानेवर? हे शब्द हिला आजच कसे सुचले? गणपतरावांनी डावा हात हळूच धोतराच्या सोग्यात घातला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"आन् चढाला?" त्यांनी उलटतपासणी चालू ठेवली. "उभं ऱ्हायला येतंय का हिच्यात?"

"न्हाय येत. चढाला हळू जाती ती."

"मग घाम कुठनं निघायचा? आन् एवढी खाली, उसाच्या ट्रकवाल्याला दिसणार हाय का? वरनं चाक गेलं तरी त्याला वाटंल, खड्डा हुता."

"ते मातूर खरं हाय," वर्षाराणीनं लगेच मान्य केलं. "मोठ्या रस्त्याला न्यायचीच न्हाय ही."

समोरचा इतक्या लवकर कबूल झाला की पैलवानानं सावध व्हावं. गणपतराव आवाज चढवून म्हणाले, "ऐका सगळी. पैलवानाची पाठ टेकली की कुस्ती संपली. ह्या पठ्ठ्यानं आखाड्यात दोनदाच पाठ टेकलीया. ह्या असल्या खुर्चीत मी टेकायचो न्हाय!"

मुलगा विश्वजित फोनमध्ये बघत होता. बायको आक्काताई उंबऱ्यात गुडघा धरून बसली होती, ती तशीच बसून राहिली. हेही गणपतरावांना ठरवून केल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी घरावर पाळत ठेवली. गोठ्याच्या कडेला ते यंत्र झाकून ठेवलं होतं. काट्यावरच्या सवयीनं त्यांनी तिन्ही चाकांपाशी फरशीवर खडूच्या बारीक रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी तालमीतून येऊन बघतात तर चाकं रेघेच्या चार बोटं पुढं. तिसऱ्या दिवशी मागं. टायरला ओली माती. म्हणजे आपण गेलो की हे बाहेर निघतं! विश्वजित आपल्यासाठी ते चालवून बघत असणार. काळी सायकल कुणाच्या तरी गळ्यात मारायची, हे तिच्या जागी लावायचं, आणि म्हाताऱ्याला वीतभर उंचीवर निजवायचं. कानामागून आली आणि तिखट झाली! त्यांना रात्री जेवण गोड लागेना. आपल्याच घरात आपल्याविरुद्ध डाव शिजतोय, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

गुरुवारी ते रोजच्यासारखे निघाले आणि निम्म्या वाटेतून परत फिरले. सायकल बांधाला लावली आणि कडब्याच्या गंजीआड उभे राहिले. नुकतं उजाडलं होतं. थोड्या वेळानं नदीकडं जाणाऱ्या पाणंदीतून चाकांचा आवाज आला.

यंत्रावर आक्काताई होती.

लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पाठ सीटला टेकलेली, दोन्ही पाय समोर, आणि गुडघे आळीपाळीनं वर-खाली होत होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती कधी सायकलवर बसली नव्हती. शेजारून वर्षाराणी पळत होती आणि दम लागून म्हणत होती, "आत्ती, हळू की वो!"

आक्काताई हसत होती. असं मोकळं हसणं गणपतरावांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, त्यांनाही आठवेना.

ते आडोशातून बाहेर आले. "माझ्या माघारी हे चाललंय व्हय?"

आक्काताईनं ब्रेक दाबला, पण उठली नाही. "गुडघं धरल्यात माझं वरीसभर. मीच वर्षाला म्हटलं, बघ काय मिळतंय का. गल्ली हसंल म्हणून आमी गप हुतो."

"मला का सांगितलं न्हाईसा?"

"तुमी सांगू देतासा का? यंत्र दारात आलं न्हाय तवर तुमचं भाषण सुरू. मी न्हाय बसणार, मी न्हाय टेकणार! तुमास्नी कुणी बसा म्हटलंवतं?"

गणपतरावांनी यंत्र आलं तो सगळा दिवस मनातल्या मनात फिरवून बघितला. खरंच, कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हंजे माझी सायकल..."

"तिला कोण हात लावतंय? तुमी घट्टमुट्ट हाईसा, हिंडा की." आक्काताईनं पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

सुटकेचा श्वास टाकावा अशी ही गोष्ट होती. सायकल वाचली होती, गुपितही वाचलं होतं. पण चार महिने ते हात लपवत होते, प्रत्येक शब्द तोलत होते, आणि कुणी त्यांच्याकडं बघतच नव्हतं. आणि आपण तरी कुठं बघितलं? ही वर्षभर उंबऱ्यात गुडघा धरून बसत होती आणि आपण खडूच्या रेघा मोजत होतो. सगळ्या जगावर संशय घेतला, पण ही दुखण्यानं कण्हत असेल अशी शंका एकदाही आली नाही. त्यांना लाज वाटली, आणि एकटंही वाटलं.

"वर्षा," ते म्हणाले, "हितं ये जरा." डावा हात त्यांनी पुढं केला. "ह्यात काय कळत न्हाय मला. कुत्रं आडवं आलं न्हवतं."

वर्षाराणी काही विचारणार तेवढ्यात आक्काताई यंत्रावरून उतरली. उतरायला तिला वेळ लागला. दिवसाउजेडी, भर पाणंदीत तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला आणि करंगळी जोरात चिमटली.

"लागतंय?"

"न्हाय."

दुसरं बोट चिमटलं. नख चांगलंच रुतलं. "आन् हितं?"

व्हय म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. बांधाला लावलेली काळी सायकल इथून दिसत होती, आणि त्या एका शब्दावर ती राहणार की जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आक्काताई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाय," गणपतराव म्हणाले.