उजळणीची राख

समईच्या तळाशी तेलाचा चिकट थर बसतो, तसे भजनी मंडळात किस्से साचत जातात. रोज पुसले तरी बोटाला थोडे लागतेच. आरती होते, बुक्का लागतो, बायका उंबऱ्याशी येतात, आणि पदर सावरता सावरता कुणीतरी मला म्हणते, "माई, ते आठवतंय का वो?" मग चपला पायांत असूनही कुणी हलत नाही!

आमचे मंडळ पलूसजवळच्या एका गावातले, आणि या गोष्टी सत्तरच्या दशकातल्या. त्यांत हसण्यासारखे थोडे आहे, तेही सांगते. बाकीचे सांगताना अजूनही मनातल्या मनात नाम घ्यावे लागते.

*

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापतात, म्हणजे आवाज भरदार येतो. आमचे पखवाजी तात्या भजन संपल्यावर ती कणीक खरवडायचे नेमके विसरत. उंदरांचा त्यामुळे रोजचा सण होई, आणि कणकेबरोबर चामडेही जाई. एका एकादशीला तात्यांनी थाप मारली आणि हात सरळ आत गेला! गाभाऱ्यासमोर तात्या कोपरापर्यंत पखवाजात अडकलेले. मंडळातल्या शेवंताकाकू म्हणाल्या, "तात्या, देव भाईर हाय, आत काय हुडकताय?"

त्याच आठवड्यात मंदिरात मांजर आली. पांढरीशुभ्र, आणि कपाळावर नेमका काळा ठिपका. जणू आरतीला येऊन बुक्का लावून घेतलेला. म्हणून तिचे नाव बुक्की. ती दिवसभर विठोबाच्या पायरीशी डोळे मिटून बसे. तात्या म्हणत, "समद्या मंडळात ध्यान लागतं ते हिचंच!"

*

आता एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

मंडळातल्या कुठल्याही घरात सून वा लेक गरोदर राहिली, की मंदिरातल्या समया घासण्याची सेवा तिची. दुसऱ्या कुणी त्या समयांना राख लावायची नाही. या सेवेला आमच्याकडे उजळणी म्हणत. देवाचे दिवे उजळावेत, म्हणजे पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत उजेड येतो, ही श्रद्धा. काम बसून करायचे, सावलीत करायचे; गर्भारणीला सोसणारे. मंदिरामागे प्रसादाच्या चुलीची राख साठवलेली असे. त्यातली मूठभर घ्यायची, चिंचेच्या चोथ्यात कालवायची आणि नखांनी नक्षीतले काळे काढायचे.

बुक्की आली तेव्हा ती घाण बाहेर कुठेतरी जाऊन करते, याचा आम्हा बायकांना भारी अभिमान. "देवाची मांजर हाय. सभामंडपात कवा ठिपूस न्हाई!" असे शेवंताकाकू पाहुण्यांना सांगत.

ती कुठे जाते हे कुणी पाहिले नव्हते. मांजराला उकरायला भुसभुशीत जागा लागते. मंदिरामागे तशी जागा एकच होती.

*

शेवंताकाकूंची लेक रत्ना फलटणला दिलेली. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच माहेरी आली, आणि उजळणी तिने अशी केली की तशी पुन्हा कुणी केली नाही. समयांवरचे मोर तिने असे घासले की पिसे मोजून घ्यावीत. हात धुवायचे भान नसे. त्याच हाताने पदरातले शेंगदाणे तोंडात टाकी आणि पुन्हा राख घेई. तात्या म्हणाले, "रत्ने, पोरगं आंधारात बी पोथी वाचंल गं!"

मुलगी झाली. नाव ज्योती ठेवले. सव्वा महिन्याने देवाच्या पायांवर घालायला आणली, आणि शेवंताकाकूंनी निरांजन ओवाळले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मुलीची नजर वळली नाही. बुबुळांवर दुधाच्या सायीसारखे काहीतरी होते. काकू ओवाळतच राहिल्या. शेवटी तात्यांनी पखवाजावरचे हात मांडीवर ठेवले.

पुढे मुलीला झटके येऊ लागले. दात यायच्या आधीच ती गेली. रत्ना फलटणला परतली ती पुन्हा मंदिराची पायरी चढली नाही, आणि तिची कूसही पुन्हा उजवली नाही. "आई, मी कुठं कमी घासलं गं?" एवढेच तिने जाताना विचारले होते.

*

दोन-तीन वर्षांनी काकूंची सून सुमन गरोदर राहिली. तिचा नवरा पलटणीत, दूर सरहद्दीवर. एकदा उजळणी झाली, आणि मग ताप नि मानेला गाठी आल्या म्हणून काकूंनी तिला सांगलीला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई शिकून नव्याने आलेल्या, भाषा पुस्तकी. घरी मांजर आहे का, असे त्यांनी विचारले, आणि बरेच काही समजावून सांगितले.

परत आल्यावर काकू तरातरा मंदिरात माझ्याकडे आल्या. "माई, डॉक्टरीण म्हनती, मांजराच्या निष्ठेपासनं जपा!"

"निष्ठा?"

"व्हय. पोटातल्या लेकराला वाईट म्हनं. डोळ्यास्नी लागती. आता मांजराला कसली आलीया निष्ठा? कुत्र्याचं म्हनाली असती तर पटलं असतं!"

तात्या कणीक मळत बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. "तरी म्या म्हनत हुतो, ही इतकी ध्यान लावून का बसती!"

मी हसले नाही. शब्द विष्ठा असणार हे मला कळले होते. 'डोळ्यास्नी लागती' हेही मी ऐकले होते.

*

काकूंनी मात्र निकाल लावून टाकला. मांजरच नको! तात्यांनी बुक्कीला पखवाजाच्या खोळीत घातले आणि कुंडलची एस.टी. पकडली. वाटेत खोळ ओरडू लागली. कंडक्टर म्हणाला, "तात्या, वाद्य सुरात न्हाई वाटतं!"

"सूर लागतोय गड्या," तात्या म्हणाले, "तू घंटी मार!"

कुंडलच्या एका धान्याच्या दुकानात ती राहिली. इकडे पुढच्या एकादशीला पखवाजाची नवी पुडी उंदरांनी कुरतडली, आणि अभंग नुसत्या टाळांवर म्हणावे लागले. काकू समाधानात होत्या. पीडा गेली होती. मागची राख मात्र जागच्या जागी होती, आणि सुमनच्या दुसऱ्या उजळणीचा दिवस आला होता. तिने समया खाली उतरवल्यासुद्धा!

मी तिच्या हातातली राखेची वाटी काढून घेतली आणि म्हटले, "आधी सांगलीला चल. या वेळी काकूंबरोबर मीही येते."

*

डॉक्टरीणबाईंनी सारे नीट सांगितले. "मांजराला घालवायची गरज नाही. तिच्या अंगाला हात लावून काही होत नाही. धोका आहे तो तिच्या घाणीत. त्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. घाण ताजी असते तेव्हा नव्हे, एक-दोन दिवस पडून राहिली की ती बाधते, आणि मग मातीत, थंड राखेत ते जंतू कितीतरी महिने टिकतात. म्हणून रोजच्या रोज काढा. पण गर्भवतीने नव्हे. दुसरे कुणीच नसेल तर हातात रबरी मोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवून. बागेतल्या मातीला हात लावला तरी तसेच. भाजी धुवून घ्या, मटण पुरते शिजवा."

काकूंनी हळूच विचारले, "बाई, राखंत आसलं तर? अन् त्या राखंचा हात त्वांडात गेला तर?"

"तर तोंडातूनच जाते ते."

"माझ्या लेकीच्या लेकराचं डोळं..."

"न तपासलेल्या बाळाबद्दल मी कसे सांगू, आजी? त्याने झाले असेल, नसेलही."

"अन् हिनं एकदा घासल्यात समया. ताप बी आला हुता."

डॉक्टरीणबाईंनी सुमनच्या मानेच्या गाठी चाचपल्या. "ती तपासणी इथे होत नाही. रक्त मुंबईला पाठवते; उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर या गोळ्या घ्यायच्या. आणि बाळ होईपर्यंत वाट पाहायची."

आम्ही तिघी एस.टी.ने परतलो. स्टँडवर उतरताना काकू म्हणाल्या, "रत्नाला सांगू नगा."

*

तात्यांनी बुक्कीला परत आणले. प्रश्न राहिला, तिची घाण काढणार कोण? पुजारी म्हणाले, सोवळे मोडते. तात्या म्हणाले, याच हातांनी पखवाजाला शिवायचे असते. विणेकऱ्यांनी डोळे मिटून घेतले. बुक्कीकडून एवढे ते शिकले होते!

शेवंताकाकू उठल्या. या बाई इतक्या सोवळ्याच्या की शेजारणीची सावली पडली तरी हंडा पुन्हा भरत. त्यांनी जुनी सगळी राख पाट्या भरभरून वाहिली आणि विहिरीपासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात खोल पुरली. प्रसादाच्या राखेला झाकणाचा डबा केला. बुक्कीसाठी वाळूची वेगळी पाटी मांडली. रोज काकडा झाला की हातात फावडे घेत, सगळे काढून पुरत, साबणाने हात धूत, आणि मगच सुमनच्या पुढ्यात ताट ठेवत.

पाणवठ्यावर एकीने टोमणा मारला, "काय वो काकू, देवाची सेवा सोडली अन् मांजराची धरली?"

काकू थांबल्यासुद्धा नाहीत. "माझा देव अजून पोटात हाय," म्हणाल्या.

*

समयांचे काय? रीत अशी की गर्भारणीवाचून दुसऱ्या हाताने उजळणी नाही. नव्या स्वच्छ राखेनेही काकू सुमनला बसू देईनात, आणि दुसऱ्या कुणाची हिंमत होईना. समया काळ्या पडत गेल्या. मोर आधी हिरवे झाले, मग दिसेनासेच झाले. म्हाताऱ्या कुजबुजत, "देवाचा उजेड आडवलाय हिनं. लेकराला काय दिसनार?" मुंबईहून उत्तर आलेच नाही, नमुना वाटेतच खराब झाला म्हणे.

मुलगा झाला. माहेरून सुमन त्याला तीन महिन्यांचा घेऊन आली, आणि पाळणा सभामंडपात बांधला. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. म्हणून इतक्या वर्षांनी रत्ना फलटणहून आली. पायरीशी थोडी थांबली, मग चढली. तिने काळ्या समया पाहिल्या, मागची वाळूची पाटी नि राखेचा झाकणाचा डबा पाहिला, आईच्या हातांचे घट्टे पाहिले, आणि सगळे ओळखले. कुणी सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही.

ओवाळायची वेळ आली. शेवंताकाकूंनी निरांजन उचलले आणि पाळण्यापर्यंत नेऊन पुन्हा मागे घेतले. रत्नाने ते त्यांच्या हातातून घेतले. डावीकडून उजवीकडे नेले.

मुलाची नजर ज्योतीबरोबर सरकली.

उजवीकडून डावीकडे नेले. नजर परत आली, आणि मूल हसले. तात्यांनी कसलाच ताल नसलेली एक थाप मारली आणि तोंड भिंतीकडे वळवले.

रत्नाने भाच्याच्या कानात नाव सांगितले, कुर्र केले, घुगऱ्या वाटल्या. मग पदर खोचून ती मंदिरामागे गेली आणि झाकणाचा डबा घेऊन आली. काळ्या समया एकेक करून तिने खाली उतरवल्या.

पुजारी पुढे झाले. "अगं रत्ना, उजळणी ही गर्भारणीनं..."

"राहू द्या, काका," रत्ना म्हणाली. "माझ्या हातानं आता कुनाला काय व्हायचं न्हाई."

ती संध्याकाळपर्यंत घासत बसली. मोर पुन्हा दिसू लागले. शेवटची समई लखलखली तेव्हा तिने ती उचलली, आणि पाळण्याकडे न नेता बराच वेळ आपल्याच डोळ्यांसमोर धरली. मग देवाजवळ ठेवून दिली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि फलटणच्या शेवटच्या गाडीला निघून गेली.