नंदूने फोडलेली लाकडं

नंदू देवस्थळी आमचा अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतला शेजारी. मी लेकीकडे राहायला आले तेव्हापासून मला मावशी म्हणायचा. कंपनीत प्रोग्रॅमर, पण बढाई मारायचा ती फायरप्लेसची. "मावशी, एका काडीत पेटली पाहिजे. दुसरी लागली तर लाकूड ओलं, नाहीतर माणूस ढ!" ओकचं लाकूड दोन वर्षं वाळल्याशिवाय तो घरात आणत नसे. प्रत्येक ढिगावर खडूने साल लिहिलेलं. बायकोला, लताला, मात्र अठ्ठावीस वर्षांत त्याने शेकोटी पेटवू दिली नाही. हे काही मला पटायचं नाही, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

२००५च्या ऑक्टोबरात त्याने शेवटचा ढीग फोडला. अर्धाच. दम लागतो म्हणाला. मार्चमध्ये गेला.

दोन वर्षांनी ते ओक वाळून तयार झालं, पण लता त्याला हात लावेना.

"त्यांच्या हातचं आहे, मावशी."

"मग काय, देव्हाऱ्यात ठेवतेस?"

बोलून गेले. माझं तोंड हे असं.

जानेवारीत घर विकलं गेलं. महिनाअखेर ती मुलाकडे, सुशांतकडे, सनीव्हेलला जाणार होती. त्याच्या अपार्टमेंटमध्ये कसली आलीय फायरप्लेस! नवे मालक इथल्या फायरप्लेसमध्ये गॅस बसवणार होते. लाकडं उचलून न्या म्हणाले.

"परक्याच्या ट्रकमध्ये घालू? त्यापेक्षा मीच जाळते," लता म्हणाली. "सगळी. माझ्या हाताने."

पहिल्या दुपारी तिने दहा काड्या ओढल्या आणि धुराड्याची झडप उघडायलाच विसरली. घरभर धूर, अलार्म कोकलतोय, आणि आम्ही दोघी बर्फात खोकत उभ्या.

"ढ!" मी म्हटलं. ती हसली आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

मग मी रोज दुपारी जायला लागले. झडप आधी उघड. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून वर धर, धुराडं तापू दे. लाकडं अशी चिकटवू नकोस गं, हवा कुठून जाईल? नंदूकडून ऐकलेलंच सगळं. पाच काड्यांवरून ती तीनवर आली, मग दोनवर. ढीग उतरत गेला.

शेवटच्या दिवशी सहा तुकडे उरले. एकावर त्याचं '२००५' अजून पुसट दिसत होतं. तो तिने सर्वांत वर ठेवला आणि काडी ओढली.

पेटली. झपकन, सगळीकडून.

"अहो, बघा! एका काडीत!" लता मागे वळून म्हणाली.

मागे नंदूची खुर्ची असायची. ती आदल्याच दिवशी दानात गेली होती. गालिच्यावर तिच्या पायांचे चार खळगे होते.

"मी बघितलं गं," मी म्हटलं.

मी बघून तिला काय उपयोग.