कुंजेलीचेचीचं एक बोट

कुंजेलीचेची खोटं बोलते आहे, हे ग्रेसीच्या मनातून काही केल्या जाईना.

चेची म्हणजे थोरली ताई, पण नात्याची नव्हे, शेजारची. नवरा गेल्यावर रबराचा चीक काढून तिने लेकाला, शिबूला, एकटीने वाढवलं आणि वर्षानुवर्षं स्वयंसेविका म्हणून नर्सबरोबर गाडीतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जात राहिली. दुखणं किती, ते बोटांवर विचारायचं. एक म्हणजे सोसवतं, पाच म्हणजे नाही सोसवत. इकडची माणसं जीव चालला तरी चारचौघांत ‘सुख आहे’ म्हणणार. म्हणून चेची आधी घरच्यांना बाहेर काढायची.

“मोने, बाळा, चहा ठेव बघू. साखर विरघळेपर्यंत इकडे फिरकू नकोस.”

मग पुन्हा विचारायची. एका बोटाची चार व्हायची.

आता तिच्याच हाडांत कॅन्सर पसरला होता. आज नर्स आली, तेव्हा ग्रेसी दारात होती आणि शिबू उशाशीच उभा होता. चेचीने एक बोट वर केलं.

“एकच? अम्मची, खरं ना?” नर्सने विचारलं.

“तुला शिकवलं कोणी गं? आता मलाच तपासतेस?”

शिबू हसला. नर्सने आकडा लिहून घेतला, औषध होतं तेवढंच ठेवलं.

शिबू बॅग आणायला बाजारात गेल्यावर ग्रेसी पेज घेऊन आली. चेचीने उशीचा कोपरा दातांत धरला होता.

“किती, चेची?”

चेचीची पाचही बोटं उघडली.

“मग बोलली का नाहीस?”

“रविवारी त्याचं कुवेतचं विमान. गोळ्या तोच देतो, वाढल्या की कळेल त्याला. मग बसेल इथे माझ्या मरणाची वाट बघत, नोकरी घालवून.” तिने श्वास घेतला. “तुझी पोर जर्मनीत आहे. तू काय केलं असतंस?”

ग्रेसीने पेजेची वाटी खाली ठेवली. तिनेही हेच केलं असतं. परवाचा ताप तिने लेकीला कुठे सांगितला होता?

पण मागाहून लेकीला कळलं असतं, की आई उशी चावत होती आणि आपण बॅग भरत होतो, तर?

पेज तशीच गार झाली. चेची कण्हत होती, आता लपवायचंही भान नव्हतं. हे सांगितलं तर कदाचित चेची आपल्याशी पुन्हा बोलणार नाही, हे ग्रेसीला ठाऊक होतं. तरी ती अंगणात आली आणि तिने नर्सचा नंबर लावला.