पूजेपुरती फुलं

सासरे गेल्यानंतर आत्याबाई शिरड शहापूरला एकट्याच राहत होत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. गुडघ्यांनी फारच त्रास दिला तेव्हा आम्ही त्यांना हिंगोलीला घेऊन आलो. त्या आल्या, पण अट घालून.

"देवाला इकतची फुलं न्हाई वाहत मी. दारची भेटली तर राहीन. दसऱ्यापर्यंत बघते, न्हाई तर मला गावी नेऊन घाला."

गावी त्यांचं पाणी भरायला कुणी नव्हतं, दवाखान्यात न्यायलाही नव्हतं. त्यामुळे फुलं येणं भागच होतं.

घरापुढे भिंतीलगत एक मोकळा पट्टा आहे. तिथे सकाळचं आणि दुपारचं ऊन कुठवर पोचतं ते आधी पाहून ठेवलं. मग यादी केली. तगर आणि जास्वंद रोजच्या पूजेला, झेंडू दसऱ्यासाठी. गुलाब लिहिला आणि खोडला. त्याचे लाड करायला नोकरी सोडावी लागली असती.

पाऊस चांगला स्थिरावल्यावर मी आणि हे नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने फुलांनी लगडलेली जास्वंद पुढे केली. मी ती बाजूला ठेवली. भरात असलेलं झाड घरी आणलं की फुलं गळतात आणि ते रुसून बसतं. मला बुटकं, फुटवे असलेलं आणि बारीक कळ्यांचं हवं होतं. पानं उलटी करून मावा पाहिला, किडीचा पांढरा कापूस दिसतो का ते पाहिलं, पिशवीच्या तळातून मुळांचा गुंता बाहेर आलाय का तेही पाहिलं.

"ताई, बाजारात बैल घेतल्यावानी दात बघून राहिल्या तुमी," नर्सरीवाला म्हणाला.

"बैल तरी परत इकता येतो," मी म्हटलं.

हे गाडीजवळ जाऊन उभे राहिले. माझ्याबरोबर खरेदीला आले की ते नेहमी तसंच करतात.

आमच्याकडची माती काळी. पावसात पाणी धरून बसते आणि रोपाची मुळं गुदमरतात. म्हणून खड्ड्यांच्या तळाशी मुरूम घातला, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं आणि रोपं जमिनीपेक्षा थोडी उंचावर लावली. तगरीच्या फांद्या शेजारच्या काकूंनी दिल्या. त्या सगळ्या लागल्या. झेंडूही दाट झाला.

श्रावणात जास्वंदीची पानं पिवळी पडू लागली. कळ्या फुलण्याआधीच गळत होत्या. पावसाने उघडीप दिली होती आणि मी पाणी घालत नव्हते, तरी बुंध्याची माती चिकचिकीत. मुंग्यांची रांग लागलेली. वाकून वास घेतला तर आंबूस.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जरा उशिरा निघाले. पूजा आटोपून आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि पिंडीवरच्या अभिषेकाचं दूध, दही, साखरेचं पाणी त्यांनी हळूच जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. गावाकडे ते विहिरीजवळच्या जुन्या आंब्याला जायचं. त्या आंब्याला असले कितीतरी तांबे पचले असते.

सांगावं कसं, याचा मी फार विचार केला नाही. विचार करत बसले असते तर झाड गेलं असतं.

"आत्याबाई, या पाण्यानं तिची मुळं सडून राहिली."

त्या तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. "देवाचं पाणी हाय ते."

"व्हय. पण लेकरू लहान हाय. त्याला एवढं पंचामृत पाजलं तर त्याचं पोट बिघडंल का न्हाई?"

"म्हंजे मीच मारलं तिला." त्या आत गेल्या. मी मागे गेले तर त्या पलंगावर लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. "माझ्या हाताला आता गुण न्हाई. मला गावी सोड."

"अजून मेली न्हाई ती. आधी बाहेर या. मला धरायला माणूस पाहिजे."

त्या ओट्यावर बसल्या. मी झाड मुळासकट काढलं. त्यांनी ते मांडीवर आडवं धरलं आणि मी काळी पडलेली मुळं कात्रीने कापली. फांद्याही निम्म्या छाटल्या.

"किती कापती गं! न्हाव्याच्या घरची हायस काय?"

"मुळं कमी झाली, आता वरचं ओझंबी कमी पाहिजे."

कोरड्या मातीचा उंचवटा करून झाड पुन्हा लावलं. अभिषेकाचं पाणी कुठे घालायचं, ते त्यांनीच ठरवलं. फाटकाबाहेर मोठा कडुलिंब आहे, त्याच्या बुडाशी.

जास्वंद वाचली नाही. आठवड्याभरात ती बुडापासून वाळली आणि मी ती उपटून टाकली. तगर मात्र रोज ओंजळभर येत होती आणि दसऱ्याला दाराचं तोरण घरच्या झेंडूचंच झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवत होते. आत्याबाई गावाकडच्या पुतण्याशी फोनवर बोलत होत्या. नेहमीप्रमाणे मोठ्याने.

"माझ्या आंगणातली शेवंती हाय ना, ती सगळी मुळासकट काढ अन् ओल्या पोत्यात बांधून इकडं घेऊन ये. ... समदी म्हंजे समदी. ठिवतो कशाला? तिथं पाणी कोण घालणार हाय?"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "जागा पुरायची न्हाई. नळाजवळची फरशी काढावी लागंल."

नळाजवळ दुपारचं ऊन नसतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि शेवंतीसाठी दुसरी जागा दाखवायला बाहेर घेऊन गेले.