पंचफुलाकाकूंचा गॅस

माझी बारावी दोन बर्नरच्या एका शेगडीवर झाली.

त्या शेगडीची मालकीण काल गेली.

पंचफुलाकाकू. जालन्यात मस्तगडला आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडं फोडणी पडली की इकडं आम्ही शिंकायचो.

नव्वदच्या आगंमागं मी दहावी झाले. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात पुढची सोय नव्हती. एकटी पोर शहरात कशी ठेवायची, म्हणून आई सोबत आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतीसाठी गावात राहिले. एका शेतीवर दोन बिऱ्हाडं.

शहरात काय काय विकत घ्यावं लागतं, याचा धक्का अण्णांना शेवटपर्यंत पचला नाही. खोलीचं भाडं त्यांनी समजून घेतलं. लाइटचं बिलसुद्धा. पण एकदा आईनं ताक विकत आणलेलं त्यांनी पाहिलं आणि बराच वेळ नुसते त्या पिशवीकडं बघत बसले.

"ताकाला पैसे?"

मग त्यांनी शहराची जिरवायची ठरवली.

पुढच्या खेपेला टेम्पोत घालून वर्षाची ज्वारी घेऊन आले. "आता दाणा विकत घ्यायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी पोत्यांवर झोपायचे आणि पोत्यांवरच बसून फिजिक्स करायचे. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घातलेला, त्याचा कडवट वास माझ्या सगळ्या वह्यांना लागला होता.

पण ज्वारी कच्ची खाता येत नाही, हे टेम्पो भरताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

स्टोव्हला रॉकेल लागायचं. आमचं रेशनकार्ड गावातलं, त्यामुळे जालन्यात रेशनचं रॉकेल मिळेना. ब्लॅकचं घ्यावं लागायचं, आणि ब्लॅकवाला तोंड बघून भाव सांगायचा. खोली धान्यानं भरलेली आणि आई एकाच वेळेला दोन वेळच्या भाकरी थापून ठेवायची, स्टोव्ह परत पेटवायला नको म्हणून.

आजकाल फॉरवर्ड फिरतात ना, 'तेव्हा किती स्वस्ताई होती'! अहो, कुठली स्वस्ताई? ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या आयांना विचारा एकदा.

त्या वर्षी कापसानं दगा दिला. अण्णा आले ते तोंड पाडूनच.

"बास झालं. सामान बांधा. न्हाई झेपून राह्यलं मला."

"अन् हिची बारावी?" आईनं विचारलं.

"झालं तेवढं लई झालं. मामानं एक स्थळ सांगितलंय."

मी पोत्यावर बसले होते. हातात केमिस्ट्रीचं पुस्तक. रडू आलं नाही, फक्त समोरची ओळ परत परत वाचत राहिले.

भिंतीपलीकडं सगळं ऐकू गेलं असणार. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे मालक रोलिंग मिलमध्ये कामाला, पदरात दोन लहान पोरं. बऱ्याच वर्षांच्या वेटिंगनंतर त्यांना नुकताच गॅस मिळाला होता. गल्लीतल्या बायका तो बघायला येऊन गेल्या होत्या.

"अण्णा, पोरगी कुठं चालवली?"

"खर्चा झेपत न्हाई, बाई."

"कशाचा खर्चा? ज्वारी तर तुमच्याकडं पडून राह्यली. अन् मी मोंढ्यातून किलो किलोनं आणून राह्यले. तुमची ज्वारी, माझा गॅस. एका जागी रांधू. मंग कशाला लागतंय रॉकेल?"



काकूंचं घर बौद्ध. आणि आमच्या गावच्या घरात तेव्हासुद्धा बौद्ध वस्तीतल्या माणसांसाठी वेगळा कप ठेवलेला असायचा. काकूंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही त्यांनी विचारलं. नाही म्हटलं गेलं असतं तर रोज त्याच दारासमोरून त्यांना जावं लागलं असतं.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. अशी हिंमत मला झाली नसती.

अण्णा खाली बघत होते. बोलली ती आई.

"भाकरी मी करीन. तुमच्या लई जाड ऱ्हातेत."

काकू खो खो हसल्या. "करा की! मंग वरण मी करते. तुमच्या वरणात डाळ हुडकावी लागती."

त्या दिवशी अण्णा पोट भरलंय म्हणून न जेवता एसटीला गेले. पण सामान बांधा म्हणाले नाहीत.

पुढच्या खेपेला आले तेव्हा काकूंनी काही न विचारता ताट वाढलं. अण्णा बसले, जेवले. मग ताटाकडंच बघत म्हणाले, "वरण वाढा अजून थोडं."

गावात बोंब झालीच. चुलत्यांनी बोलणं टाकलं. अण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, "माझी पोरगी शिकून राह्यली, तेवढं बघा."

मी बारावी झाले. डीएड झाले. मास्तरीण झाले. गल्ली सुटली, पण काकू सुटल्या नाहीत. दर राखीला त्यांच्या पोरांकडं जायचं, आणि जाऊन बोलणी खायची. "वाळली किती! पगार खाती का नुस्ता?"

काल दुपारी त्यांच्या अंगणात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. वंदना झाली. मेणबत्त्या लावल्या.

एका वयस्कर बाबांनी आवाज दिला, "घरच्या लेकींनी आधी फुलं वाहा."

काकूंना मुलगी नव्हती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

मी मागं, भिंतीला टेकून उभी होते.

त्यांचा थोरला मिलिंद गर्दीतून माझ्यापर्यंत आला. डोळे सुजलेले. माझ्या ओंजळीत फुलं दिली आणि म्हणाला,

"ताई, तुला बोलावून राह्यले."

मी पुढं झाले.

जय भीम, काकू.

— तुमची लेक